सरांच्या सहीचं पत्र

घोरपडे सरांच्या हाताखाली नऊ जणांनी पीएचडी केली. त्यांतल्या सात जणांची शिफारसपत्रं प्राची मगदूमने लिहिली होती. सरांनी फक्त सह्या केल्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण आपल्याकडे ही रीतच आहे. विद्यार्थ्याने चाचरत म्हणायचं, ‘सर, पत्र पाहिजे होतं.’ सरांनी पेपरातून मान वर न करता म्हणायचं, ‘तूच लिहून आण की, मी सही करतो.’ मग विद्यार्थी रात्रभर इंग्रजीशी झटापट करणार आणि सकाळी प्राचीला फोन लावणार, ‘ताई, तुमचं इंग्रजी बरं हाय.’ प्राचीचं इंग्रजी खरंच बरं होतं. तेच तिला नडलं.

आता तर कागदही उरला नव्हता. परदेशातली विद्यापीठं सरांच्या ईमेलवर लिंक पाठवायची. सर निवृत्त झालेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. जन्मभर भिंगांचा अभ्यास केला आणि शेवटी स्वतःच्याच भिंगाने दगा दिला, असं ते हसत सांगायचे. त्यामुळे पासवर्ड प्राचीकडे, लिंक उघडणार प्राची, पत्र चिकटवणार प्राची. खाली एक ओळ असायची, ‘उमेदवाराने हे पत्र पाहिलेले नाही.’ तिच्यासमोरची खूणसुद्धा प्राचीच करायची. स्वतःच्या अर्जाच्या वेळीही. पहिल्यांदा तिला त्याचं हसू आलं होतं. पुढे पुढे हसूही येईनासं झालं, बोट आपोआप तिथे जायचं.

दर शनिवारी दुपारी कोल्हापुरात राजारामपुरीतला क्लास सुटला की ती दोन गल्ल्या चालत सरांच्या घरी जायची. क्लासमध्ये ती बारावीच्या पोरांना भिंगाचं सूत्र शिकवायची आणि सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तेच सूत्र जरा सावकाश शिकवायची. वय चौतीस. जयसिंगपूरहून रोज एसटीने ये-जा. घरी वडिलांचं भांड्यांचं दुकान आणि आईचा एकच प्रश्न, ‘आलं का गं काही?’ आधी हा प्रश्न स्थळांबद्दल असायचा. मग तो नोकरीबद्दल झाला. हल्ली आई नुसतं ‘आलं का’ एवढंच म्हणायची आणि कशाबद्दल ते दोघींनाही विचारावंसं वाटत नसे.

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागांचं एक दुष्ट गणित असतं. पीएचडी होऊन पाच वर्षं झाली की बहुतेक दारं बंद. प्राचीची पाच वर्षं येत्या अकरा मार्चला भरत होती. त्यानंतर ती फक्त भिंगाचं सूत्र शिकवणारी बाई उरणार होती, आणि हे तिला चांगलं माहीत होतं. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी ती जाहिराती वाचायची. ऑप्टिक्स, इमेजिंग, कम्युनिकेशन्स, हे तीन शब्द टाकले की जगभरच्या जागा खाली उतरायच्या. दोन वर्षांसाठी, निधी मिळाल्यास. एका वर्षासाठी, मुदत वाढू शकते. तिने एक्याऐंशी अर्ज केले होते. साठाच्या वर ठिकाणांहून उत्तरही आलं नाही. ज्यांनी उत्तर दिलं त्यांनी एकाच साच्यातलं दिलं. अर्जांची संख्या प्रचंड होती, म्हणे.

जानेवारीत मात्र एक जाहिरात अशी आली की ती वाचून ती खुर्चीत सरळ बसली. उत्तरेकडच्या एका थंड देशातलं विद्यापीठ, हेलेना नावाच्या प्राध्यापिकेचा गट. काम कसलं, तर धुक्यातून आणि गढूळ पाण्यातून पलीकडची वस्तू लेझरने बघायची. प्राचीची पीएचडी नेमकी हीच. काचेच्या टाकीत पाणी भरायचं, त्यात थोडंथोडं दूध घालत जायचं आणि त्या पांढऱ्या दुधातून पलीकडे ठेवलेली टाचणी बघायची. चार वर्षं तिने हेच केलं होतं. शेवटची दोन वर्षं दूध संयोगिता आणायची.

संयोगिता चव्हाण तिची ज्युनियर. घरी आठ म्हशी, बोलणं गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. अस्सल कोल्हापूरची, ‘मी जाते’ असं तिच्या तोंडून कधी आलं नाही, ‘मी जातो’च. तिची पीएचडी नुकतीच झालेली. त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

“ताई, ती जाहिरात बघितलो. मीपण टाकू का? तुम्ही टाकणार असला तर ऱ्हाऊ दे.”

“टाक की,” प्राची म्हणाली. “तुझं काम त्यातलंच आहे.”

“पत्राचं बघाल न्हवं?”

“बघते.”

सर तोंडी सांगतात आणि ताई नुसतं टाइप करतात, अशी संयोगिताची समजूत होती. प्राचीने बघितलं. एकाच शनिवारी, सरांच्या एकाच खुर्चीवर बसून तिने दोन पत्रं लिहिली. संयोगिताचं लिहिताना हात कसा भरभर चालला! दूध पातळ करायचं प्रमाण या मुलीने कसं शोधलं, एकदा कॅमेरा बिघडला तेव्हा तिने जुन्या फोनचा कॅमेरा कसा बसवला, सगळं प्रसंगासकट लिहिलं. शिवाय त्या टेबलाबद्दल लिहिलं. कॉलेज रस्त्याला लागून. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर दणदणत जायचे आणि लेझरचे ते काळे-पांढरे पट्टे पडद्यावर थरथरायचे, सगळं माप वाया. परदेशात हादरे शोषणारी टेबलं मिळतात, ती घ्यायची कॉलेजची ऐपत नव्हती. तेव्हा ट्रॅक्टरच्या टायरातल्या ट्यूबा, वर वाळूचं खोकं आणि त्यावर कडाप्प्याची फरशी, असं टेबल प्रयोगशाळेत बांधलं गेलं. पट्टे गप्प उभे राहिले. ‘अशा टेबलावर या मुलीने दोन वर्षं अचूक मापं घेतली आहेत,’ असं तिने लिहिलं. टेबल कुणी बांधलं ते लिहिलं नाही, कारण पत्र संयोगिताचं होतं.

मग स्वतःचं पत्र उघडलं आणि हात आखडला. स्वतःच्या हाताने स्वतःला हुशार म्हणायचं, तेही सरांच्या तोंडून? शेवटी तिने लिहिलं की प्राची प्रामाणिक आहे, वक्तशीर आहे, कष्टाळू आहे आणि तिची वर्तणूक उत्तम आहे. जयसिंगपूरच्या शाळेच्या दाखल्यावर याहून वेगळं काही नसतं. टेबलाबद्दल लिहावं असं क्षणभर वाटलं, पण ते आत्ताच दुसऱ्या पत्रात लिहून झालं होतं. एकच गोष्ट दोनदा कशी सांगायची?

खाली चौकटी होत्या. हा उमेदवार तुमच्या विद्यार्थ्यांत कुठे बसतो? पहिल्या एका टक्क्यात, पाच, दहा, पंचवीस. संयोगिताला तिने पाचावर खूण केली, विचारही न करता. स्वतःच्या वेळी ती हिशोब करत बसली. सरांचे नऊ विद्यार्थी. आपण त्यात फार तर दुसऱ्या. नवांत दुसरी म्हणजे बावीस टक्के. खोटं कशाला लिहा? तिने पंचविसावर खूण केली आणि मग त्या खालच्या ओळीवर. उमेदवाराने हे पत्र पाहिलेले नाही.

सर आत चहा करत होते. “झालं का गं?” त्यांनी विचारलं.

“झालं सर.”

“बरं झालं,” सर म्हणाले. त्यांनी काय लिहिलंस असं विचारलं नाही. ते कधीच विचारत नसत.

मुलाखतीला दोघींनाही बोलावणं आलं. प्राचीने ती क्लासच्या रिकाम्या खोलीत बसून ऑनलाइन दिली. शेजारच्या खोलीत पोरं रसायनशास्त्राच्या नावाने गोंगाट करत होती. हेलेना बाई भल्या होत्या. कामाबद्दल त्यांनी बारीक प्रश्न विचारले, प्राचीने बरी उत्तरं दिली. मग त्यांनी समोरचा कागद पाहिला आणि जरा अडखळल्या.

“तुमच्या मार्गदर्शकांचं पत्र थोडं मोघम आहे. प्रामाणिक, वक्तशीर. तुमच्याबद्दल त्यांनी लिहायला हवं होतं आणि राहून गेलं, असं काही आहे का?”

दार उघडं होतं, फक्त आत जायचं होतं. टेबल होतं, ट्यूबा होत्या, चार वर्षांचं दूध होतं. पण सरांनी लिहिलं नाही ते आपण कसं सांगायचं? ते सरांना खोटं पाडल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. ते पत्र सरांनी लिहिलेलंच नव्हतं, हे त्या मिनिटाला ती साफ विसरली. इतकी वर्षं ती सरांच्या नावाने लिहीत होती की सरांचं पत्र तिलाही सरांचंच वाटू लागलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “सरांनी लिहिलंय ते बरोबर आहे.”

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं.

नकाराचा ईमेल मंगळवारी आला, एसटी हातकणंगले सोडत होती तेव्हा. शेजारच्या आजीबाई मेथीची पेंडी मांडीवर घेऊन डुलक्या काढत होत्या. प्राचीने दोनदा वाचला आणि फोन पर्समध्ये टाकला. रडू आलं नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं. तिने फक्त खिडकीला डोकं टेकलं आणि शिरोली येईपर्यंत डोळे मिटून राहिली.

शुक्रवारी संयोगिता पेढे घेऊन क्लासवर आली. दारातूनच ओरडली, “ताई! झालं माझं!” आणि मग प्राचीचा चेहरा बघून दारातच थबकली. खोका टेबलावर ठेवून ती बाकावर बसली.

“अभिनंदन गं,” प्राची म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. पोरगी गुणी होती. खोका मात्र तिने उघडला नाही.

“ताई, एक सांगू का? मला लई राग आलाय. त्या बाईनी मला वीस मिनटं त्या टेबलाबद्दलच विचारलं. कसं केलं, हवा किती भरली, वाळू किती. मी म्हटलो, मॅडम, टेबल मी न्हाय केलं, आमच्या प्राचीताईनी केलंय. मी फकस्त वापरलो. तर त्या म्हणाल्या, प्राची मगदूम? तिच्या गाइडनं तर त्यातलं काहीच लिहिलं न्हाय!” संयोगिताचा आवाज चढला. “म्हणजे सरांनी माझं एवढं लिहिलं आणि तुमचं काहीच न्हाय? तुम्ही त्यांच्या घरचं लाइट बिल भरताय, डोळ्यात थेंब घालताय, आणि त्यांनी असं करावं? मी थेट गेलतो त्यांच्याकडं काल.”

प्राचीने हातातला खडू खाली ठेवला. “कुठे गेलीस?”

“सरांच्या घरी. तोंडावर बोललो. म्हटलो, सर, ताईंचं वाटोळं केलंसा तुम्ही.”

“मग? सर काय म्हणाले?”

“काय म्हणतील? ऐकून घेतलं. मग म्हणाले, व्हय, चुकलं माझं.”

इथे प्राचीने खरं सांगायला हवं होतं. बाई, दोन्ही पत्रं मी लिहिली, तुझंही आणि माझंही, असं एका वाक्यात झालं असतं. पण मग संयोगिताच्या पेढ्याची चव गेली असती. तिला जन्मभर वाटत राहिलं असतं की ही जागा आपल्याला ताईंनी वाढून दिली. असं प्राचीने स्वतःला समजावलं. त्यात थोडं खरं होतं, आणि थोडी नुसतीच लाज होती. तिने पेढा खाल्ला आणि तासावर गेली.

शनिवारी ती सरांच्या घराची पायरी चढली. अजून एक शेवटचा अर्ज बाकी होता. प्रकाशाने हवेतून संदेश पाठवायच्या कामाची, एका वर्षाची जागा. मुदत सोमवारची आणि बुधवारी अकरा मार्च. तिच्या बाजूचा फॉर्म भरून झाला होता, सरांच्या ईमेलमध्ये लिंक येऊन पडली होती. यापुढे अर्ज करायला जागाच उरणार नव्हत्या. तरी तिला आज त्याचं काही वाटत नव्हतं. आज सरांच्या तोंडाकडे कसं बघायचं, एवढंच होतं.

सर खुर्ची ओढून कॉम्प्युटरच्या शेजारीच बसले होते. असे ते कधी बसत नसत.

“ये. संयोगिता येऊन गेली. लई तापली हुती.”

“सर, तुम्ही तिला खरं का नाही सांगितलं?”

“काय सांगू? मी सह्या करतो ती पत्रं मी वाचत न्हाय, हे सांगू?” सरांनी चष्मा काढून पुसला. “ती दोन्ही पत्रं काढ. वाचून दाखव. माझ्या नावावर काय काय खपलंय ते कळू दे तरी.”

तिने संयोगिताचं वाचलं. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “बेस हाय. पोरगी अगदी अशीच हाय. आता तुझं.”

प्राचीचं पत्र वाचून व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. सर तसेच थांबले होते, पुढे अजून काही येईल म्हणून.

“संपलं सर.”

“ही कोण?” सरांनी विचारलं.

प्राचीने पत्र पुन्हा वरून खाली पाहिलं.

“आपला आकाराम शिपाई रिटायर झाला तेव्हा मी त्याला असंच लिहून दिलंतं. प्रामाणिक, वक्तशीर, कष्टाळू. माणूस सोन्यासारखा. पण त्याला परदेशी जायाचं नव्हतं.” मग ते पडद्याजवळ वाकले, चांगल्या डोळ्याने बघितलं. “आणि हे पंचवीस टक्के काय हाय?”

तिने गणित सांगितलं. नऊ विद्यार्थी, त्यात दुसरी, बावीस टक्के.

“मग पयला कोण?”

“अं?”

“नवांत तू दुसरी म्हणतीस. पयला कोण ते सांग की.”

प्राचीने विचार केला. खरंच केला. एकेक नाव डोळ्यांसमोर आणलं, एकेकाचं काम आठवलं. कुणाचाही प्रबंध घेतला तरी त्यात कुठे ना कुठे तिने बांधलेलं, तिने दुरुस्त केलेलं, तिने लिहिलेलं काहीतरी होतं. तिला नाव सापडेना.

“आपलंच लिहिताना हात का आखडला तुझा?” सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं.

“लाज वाटली सर. मी स्वतःला हुशार म्हटलं असतं आणि तुम्ही ते वाचलं असतं तर?”

“मी वाचत न्हाय, हे तुझ्याबिगर कुणाला म्हाईत हाय?”

“तरीपण.” इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं एकदम वर आलं आणि तिने ते अडवलं नाही. “सर, मी आठ वर्षं येते इथे. मला वाटायचं, एकदा तरी तुम्ही म्हणाल, दे, हिचं मी लिहितो. म्हणून मी स्वतःचं नीट लिहीत नव्हते. ते तुम्ही लिहायचं होतं. मी दमले सर. मला आता कुणाचंच लिहायचं नाही.”

बाहेर रिक्षावाला कुणावर तरी खेकसत गेला. सरांनी टेबलाच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, “ऊठ त्या खुर्चीवरनं.”

ती उठली. सर त्या जागी बसले, चष्मा नाकावर खाली घेतला, माउस शोधायला हात फिरवला.

“पासवर्ड सांग. माझा हाय न्हवं तो?”

तिने सांगितला. त्यांनी एकेक अक्षर शोधून टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. ती मदतीला पुढे झाली तसा त्यांनी हात आडवा धरला.

“भाईर बस. दार लोट जाताना.”

“सर, तुम्हाला दिसायचं नाही नीट. मी नुसती टाइप करते, तुम्ही सांगा.”

“ही ओळ वाच,” सर म्हणाले आणि पडद्यावर बोट टेकवलं. “उमेदवारानं पत्र पाहिलेलं न्हाय. माझ्या नावानं किती येळा खोटी खूण केलीस तू? आज खरी करायची हाय. जा.”

ती बाहेर कट्ट्यावर येऊन बसली. समोर शिकवणी सुटलेल्या पोरी स्कूटरला किक मारत होत्या. आईचा फोन आला, “निघालीस का? मावळतीच्या आत ये गं, ताट वाढून ठेवते.” घर जैनांचं, सूर्यास्तानंतर कुणी जेवत नसे. नेहमी ती पाचची एसटी धरायची आणि धापा टाकत घरी पोचून चार घास खायची.

“आज नको वाढूस,” ती म्हणाली. “मला उशीर होईल.”

“का गं? आलं का काही?”

“नाही अजून. सर पत्र लिहितायत.”

“कुणाचं?”

“माझं,” प्राची म्हणाली, आणि हा शब्द तिला स्वतःलाच नवा वाटला.

आतून आवाज येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक. मध्येच सर स्वतःशी पुटपुटत आणि एकच बटण रागाने सात-आठ वेळा दाबत, म्हणजे लिहिलेलं खोडत असणार. इतक्या सावकाश चालणारं पत्र तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. पाचची एसटी गेली. साडेपाचची गेली. ऊन समोरच्या दवाखान्याच्या पाटीवरून वर सरकून गच्चीवर गेलं. जागा मिळेल की नाही, तिला माहीत नव्हतं, आणि मिळण्यासारखं फार काही उरलंही नव्हतं. पण आत कुणीतरी तिच्याबद्दल काय लिहावं याचा विचार करत होतं, आणि ते काय लिहितात हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलं नाही.

“प्राची!” आतून हाक आली.

ती धडपडत उठली. “आले सर.”

“येऊ नको. तिथनंच सांग. त्या ट्यूबा कुठनं आणल्या हुत्यास?”

“हुपरीच्या, सर. मावशीच्या गल्लीतल्या बाळासो पंक्चरवाल्याकडच्या. दुसऱ्या दिवशी तुम्हीच विचारलं होतं, हा कसला कचरा आणलास म्हणून.”



“व्हय,” सर म्हणाले. “ते पण लिहितो.” आणि टक, टक पुन्हा सुरू झालं.